नावातला ळ

मूल जन्माला येते तेव्हा त्याच्याजवळ सर्व काही असते, फक्त नाव नसते. नाकाची ठेवण, मुठी वळण्याची रीत, रडण्याची पट्टी हे सारे ते आपल्याबरोबर घेऊन येते. नाव मात्र त्याला इतरांनी द्यावे लागते. पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, अशी जुनी समजूत आहे. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल कित्येक घरांत अजून आढळते. सटवी भविष्य लिहिते, पण नाव लिहीत नाही. ते काम तिने माणसांवर सोपवले आहे. आणि भविष्यावरून जितके वाद होत नाहीत तितके माणसे नावावरून घालतात.

हा वाद आजचा नाही. व्याकरण का शिकावे याची जी कारणे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी सांगितली, त्यांत मुलाचे नाव ठेवणे हेही एक आहे. याज्ञिकांचा नियम तो नमूद करतो. दहावी रात्र उलटल्यावर नाव ठेवावे, पहिले अक्षर घोषवर्ण असावे, आत अंतःस्थ असावे, अक्षरे दोन किंवा चार असावीत, बापाच्या वरच्या तीन पिढ्यांची त्यात आठवण असावी आणि शत्रूच्या घरी ते नाव चालत नसावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या प्रत्येक घरातला तंटा बीजरूपाने आहे. आजोबांना तीन पिढ्यांची आठवण हवी असते, आईला नाद हवा असतो, आणि शेजारच्या मुलाचे नाव आपल्या मुलाला नको ही सर्वांचीच इच्छा असते. आश्वलायन गृह्यसूत्राने तर आणखी एक नाव सांगितले आहे. ते मुंज होईपर्यंत फक्त आईबापांनी जाणायचे. माणसाला एकच नाव पुरत नाही, हे जुन्यांनी ओळखले होते. पुढच्या धर्मग्रंथांनी देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे मोजली आणि त्यांपैकी हाक मारण्याला एकच ठेवले.

मराठी माणसांनी या चौकटीत आपापल्या परीने रंग भरले. एके काळी नाव म्हणजे देवाची आठवण असे. विठ्ठल, पांडुरंग, दत्तात्रय, गजानन, नारायण. मुलाला हाक मारली की देवाला हाक पोचते, ही अजामिळाच्या कथेने दिलेली सोय होती. ज्या घरात मुले जगत नसत तेथे देवालाही न दुखवता मृत्यूला चकवण्यासाठी दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी नावे ठेवत. मौल्यवान वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवावी तसे मूल ओबडधोबड नावात गुंडाळले जाई. नंतर स्वातंत्र्याच्या चळवळीने पुढाऱ्यांची नावे पाळण्यात आणली, कादंबऱ्यांनी नायकांची आणली, आणि बंगालीच्या वाचनाने शरद आणि रवींद्र आणले. आता आरव, विहान, अथर्व अशी नावे एकाच वेळी नाशिकला, लखनौला आणि न्यू जर्सीतही पाळण्यात पडतात. त्या नावांत वाईट काहीच नाही. पण पूर्वी नावावरून माणसाची भाषा कळत असे. आता त्यासाठी आडनावापर्यंत थांबावे लागते.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला या बदलाची फारशी झळ लागत नाही. नाव कोणतेही असो, ते मराठी तोंडातूनच उच्चारले जाणार असते. खरी परीक्षा होते ती जबलपूरसारख्या गावी.

जबलपूरला स्वतःच्याच नावाचा वाद आहे. कोणी ते जाबालि ऋषींकडे नेतात, तर कोणी डोंगर या अर्थाच्या ‘जबल’ या अरबी शब्दाकडे. मदनमहालाच्या टेकडीवर एकमेकांवर तोलून उभे असलेले प्रचंड पाषाण पाहिले की दुसरे मतही खोटे वाटत नाही. इंग्रजांनी त्याच नावाचे ‘जबलपोर’ केले होते. नागपूरकर भोसल्यांचा येथील अंमल १८१७ मध्ये संपला. पण मराठी माणसांचे येणे संपले नाही. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग याच गावी एकमेकांना मिळाले. १९०४ मध्ये तोफांचे गाडे करणारी गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. रेल्वे, कारखाना, कचेऱ्या आणि शाळा यांच्यामागून मराठी कुटुंबे येत राहिली. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालयाचे ठाणे झाले. मराठी घरे जेथे होती तेथेच राहिली. त्यांच्या भोवतालची भाषा मात्र एका रात्रीत अधिकृतपणे एकच उरली. त्या रात्री वर्णमालेतले एक अक्षरही सरकारी कागदांतून निघून गेले. ते अक्षर म्हणजे ळ.

नेपियर टाउनमधल्या एका मराठी घरात अलीकडच्या एका श्रावणात नातू जन्मला, तेव्हा हेच अक्षर सर्वांच्या मध्ये येऊन बसले.

घर तीन पिढ्यांचे. बाळाचे पणजोबा १९३७ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून गन कॅरेज फॅक्टरीत कारकून म्हणून आले आणि मग परत गेले नाहीत. मार्च १९३९ मध्ये त्रिपुरीचे काँग्रेस अधिवेशन भरले, त्या वर्षी त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नाव सुभाष ठेवण्यास कोणाला विचारावे लागले नाही. धाकटे चिरंजीव म्हणजे बाळाचे आजोबा. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला, आणि सून जबलपूरचीच, पण हिंदी घरातली. तिचे आजोळ दमोहकडचे, घरात बुंदेली बोलली जाते. बाळंतपण अर्थातच माहेरी झाले. त्यामुळे दोन्ही घरे दोन मैलांच्या आत आणि नावाचा प्रश्न दोन भाषांच्या मध्ये, अशी स्थिती झाली.

पहिला चमत्कार पंचांगाने केला. बाळ गोकुळाष्टमीनंतर दोन दिवसांनी जन्मले. मराठी पंचांगाप्रमाणे तो श्रावणाचा कृष्णपक्ष होता. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे महिना पौर्णिमेलाच पालटला होता, म्हणून तोच दिवस भाद्रपदाचा. मासनामाच्या परंपरेत श्रावणाचे नाव वासुदेव आणि भाद्रपदाचे हरी. तिथी एक, आकाशातला चंद्र एक, आणि मुलाला मात्र दोन महिने आणि दोन नावे. दोन्ही नावे शेवटी एकाच देवाची निघाली, म्हणून तो प्रश्न हसण्यावारी मिटला.

दुसरा प्रश्न नक्षत्राचा. जन्म आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण मिळून एकशे आठ अक्षरे होतात, आणि प्रत्येकाला आपले अक्षर त्यातून मिळते. आर्द्रेची अक्षरे कू, घ, ङ, छ. तिसऱ्या चरणाला ङ. ज्या अक्षराने मराठीत किंवा हिंदीत कोणाचे नाव सुरू होत नाही, ते अक्षर या मुलाच्या वाट्याला आले. सुनेच्या माहेरच्या पंडितजींनी शांतपणे सांगितले, की अशा वेळी त्याच वर्गातला ग घेण्याचा प्रघात आहे. आजोबांनी मान वर केली. ग म्हटल्याबरोबर त्यांच्या मनात एकच नाव आले. त्यांच्या वडिलांचे. गोपाळ.

यापेक्षा योग्य नाव कोणते असणार? गोकुळाष्टमीच्या मागून आलेले मूल, ग हे अक्षर, आणि वर तीन पिढ्यांची आठवण. अक्षरांची संख्या सोडली तर पतंजलीच्या याज्ञिकांनीही मान डोलावली असती. सुनेच्या आईनेही लगेच हात जोडले. “गोपालजी तो हमारे ठाकुरजी हैं,” त्या म्हणाल्या, आणि नाव ठरल्याप्रमाणे सर्वांना पेढे दिले.

आजोबांनी पेढा घेतला, पण तो हातातच राहिला. “गोपाल नाही, गोपाळ,” ते म्हणाले.

विहीणबाईंनी आदराने पुन्हा म्हटले, “गोपाल.” त्यांच्या मते त्यांनी तेच म्हटले होते.

ज्याला एखादा स्वर ऐकूच येत नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही, आणि ज्याच्या कानात तो जन्मापासून आहे त्याला तो सोडताही येत नाही. हिंदीच्या रूढ वर्णमालेत ळ नाही. त्यामुळे जबलपुरात काळे यांचे काले होते, देऊळ हा शब्द मंदिरापुढे हरतो, आणि मराठी आई ज्याला लाडाने बाळू म्हणते त्याला शाळेतली मुले वाळूच्या अर्थाने बालू म्हणतात. नुसते बाळ म्हटले तर ते बाल होऊन डोक्यावरच्या केसांत जाते. असे अर्थ पालटलेले शब्द घेऊन येथील मराठी माणसे आयुष्यभर वावरतात. मराठीतला दादा थोरला भाऊ असतो, हिंदीतला दादा बापाचा बाप. मराठीतले नाना कोणीही वडीलधारे, हिंदीतले नाना फक्त आईचे वडील. त्यांची सवय होते. पण नावाचे तसे नाही. नावाला अर्थापेक्षा उच्चारच अधिक चिकटलेला असतो.

नावाच्या रचनेतही असाच एक अदृश्य सांधा आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदी कवितेतले थोर नाव. १९१७ मध्ये श्योपूरला जन्मलेले हे कवी काही काळ जबलपुरातही होते. हिंदी वाचक ‘गजानन माधव’ हे एकाच माणसाचे जोडनाव म्हणून सहज उच्चारतो. मराठी वाचकाला मात्र त्यात बाप आणि मुलगा वेगळे दिसतात, कारण माधव हे वडिलांचे नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. तेही शरच्चंद्र माधव मुक्तिबोधच. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत गेले, आणि दोघांच्या नावामध्ये वडील मराठी रीतीने उभे राहिले. ते तेथे उभे आहेत हे सर्वांना दिसत नाही, एवढेच.

सुनेने याच सांध्यावर एक प्रश्न विचारला. मधले नाव बापाचेच का? प्रश्नात तक्रार नव्हती, खरे कुतूहल होते. आजोबांना उत्तर सुचले नाही. ज्या जाबालाचे नाव या गावाशी जोडले जाते, त्या नावाची सर्वांत प्रसिद्ध कथा छांदोग्य उपनिषदात आहे, आणि ती नेमकी आईच्या नावाची आहे. गुरूकडे जाण्याआधी सत्यकामाने आईला आपले गोत्र विचारले. तिला ते ठाऊक नव्हते. माझे नाव जबाला आणि तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल आहेस असे सांग, एवढेच ती म्हणाली. मुलाने तेच सांगितले आणि खरे बोलला म्हणून त्याला विद्या मिळाली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय केला. हा नियम जबलपूरला लागू नाही. पण त्याची कथा जबलपूरला परकी म्हणता येणार नाही. आजोबांनी ती कथा सुनेला सांगितली. मधल्या नावाचा प्रश्न त्यांनी मुलावर आणि सुनेवर सोपवला. ळ मात्र कोणावरही सोपवण्याची त्यांची तयारी नव्हती.

दिवस जात होते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते. कायदा त्यात उदार आहे. नावाची जागा कोरी ठेवून नोंद करता येते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते. पण मुलाला बंगळूरला परतायचे होते, आणि अर्ज कोरा राहू नये असे त्याला वाटत होते. एका संध्याकाळी तो संगणक घेऊन वडिलांपुढे बसला. देवनागरीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर असतात; नुसती दाबली तर ल, शिफ्टसह दाबली तर ळ. “तुम्ही सांगाल ते दाबतो,” तो म्हणाला. “रोमनमध्ये तर दोन्हींना एकच अक्षर आहे. प्रश्न या एका कळीचा आहे.”

आजोबा उठून आतल्या खोलीत गेले आणि वडिलांची जुनी कागदपत्रे असलेली पत्र्याची पेटी काढून बसले. आपल्या बाजूचा पुरावा त्यांना हवा होता. नोकरीच्या कागदांवर वडिलांचे नाव रोमन लिपीत होते. घराच्या कागदांवर हिंदीत होते, गोपाल. निवृत्तीच्या वेळी कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी दिलेल्या मानपत्रावर होते, श्रीमान गोपालरावजी. पेटीच्या तळाशी कोकणातून आलेली पत्रे सापडली. ती बहुतेक पणजोबांच्या आईने कोणाकडून तरी लिहवून घेतलेली. त्यांत मात्र सुरुवातीलाच ‘चिरंजीव गोपाळ यांस’ असे होते. शेवटचे पत्र १९४८ सालचे. त्यानंतर त्या पेटीत एकही ळ नव्हता.

आजोबा बराच वेळ पत्रे हातात घेऊन बसले. वडिलांना गोपाळ म्हणून हाक मारताना आपण कोणाला ऐकले, हे ते आठवू लागले. कारखान्यातले लोक गोपालबाबू म्हणत. शेजारी गोपालभैया म्हणत. मुले आप्पा म्हणत. आईने तर नवऱ्याचे नाव उखाण्याबाहेर कधी घेतलेच नाही. म्हणजे जबलपुरात चाळीस-पन्नास वर्षे वावरलेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारे या गावात कोणी नव्हते. तरी ते कधी अपुरे वाटले नाहीत. गोपालबाबू म्हटले की ते वळून पाहत, हसत, उत्तर देत. त्या हाकेला उत्तर देऊनच त्यांनी घर बांधले, मुलांना शिकवले, ग्वारीघाटावर शेजाऱ्यांच्या सुखदुःखाला गेले. ज्या नावाने माणसाने आयुष्य काढले ते नाव खोटे कसे म्हणायचे? ळ वडिलांचा होता. पण लही त्यांनी कमावलेला होता.

याच वेळी आजींनी, ज्या इतके दिवस या वादात एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आपली अडचण सांगितली. “तुम्ही ळ ठेवा नाहीतर ल ठेवा,” त्या म्हणाल्या, “मला काय त्याचे? मामंजींचे नाव मी कधी घेतले नाही. नातवाला हाक मारताना आता कसे घेऊ? मी आपली त्याला बाळ म्हणणार.”

जुन्या मराठी घरांतली ही नित्याची गोष्ट होती. सासऱ्याचे नाव नातवाला ठेवायचे, आणि ते नाव घ्यायचे नाही म्हणून त्याला बाळ, बापू, नाना, आबा अशा नावांनी हाक मारायची. कितीतरी मोठी माणसे या टोपणनावांनीच जगाला ठाऊक झाली. आजींच्या बोलण्याला सर्व हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. ज्या अक्षरासाठी ते आठवडाभर झुंजत होते, ते आजींनी कोणालाही न विचारता मुलाच्या स्वाधीन केले होते.

ते बाहेर आले आणि मुलाला म्हणाले, “नुसती कळ दाब.” अर्जावर गोपाल लागले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. त्या दिवशी मराठी घरांत गौरींचे आवाहन होते. सोहळा सुनेच्या माहेरी. छठीला काजळ घालण्याचा बुआचा मान आणि बारशाला कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान एकाच बाईकडे आला, कारण नागपूरहून आलेली बाळाची आत्या हीच तिकडची बुआ. वरवंट्याला झबले-टोपडे घालून त्याला आधी पाळण्यात ठेवले, तेव्हा सुनेच्या माहेरच्या बायकांना त्याचे फार कौतुक वाटले. बायकांनी गोविंद-गोपाळाची नावे घेत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती दिले. ताटातल्या तांदळावर आजोबांनी सोन्याच्या अंगठीने नाव लिहिले. तेथे त्यांनी ळ लिहिला. आत्याने पाळण्यात वाकून कुर्र केले आणि नाव सांगितले. ते इतक्या हलक्या आवाजात सांगायचे असते, की बाळाखेरीज कोणाला ऐकू येऊ नये. घुगऱ्या वाटल्या गेल्या. ल आणि ळ दोन्ही आपापल्या जागी बसले होते. एक कागदावर, जगासाठी; दुसरा कानात आणि तांदळांत. तांदूळ संध्याकाळी उचलले गेले. कानातले कोणाला उचलता येत नाही. आश्वलायनाने सांगितलेले घरापुरते नाव याहून फार वेगळे नसावे.

लच्या बाजूने कोणी हरले आणि ळच्या बाजूने कोणी जिंकले असे यात काही नाही. बंगळूरला वाढणाऱ्या या मुलाच्या भोवती कन्नड असेल, आणि कन्नड माणसाच्या तोंडात ळ अस्सल असतो. जबलपुरात हरवलेले अक्षर त्याला तेथे रस्त्यावर रोज भेटेल, मात्र परक्या शब्दांत. घरात आईची हिंदी, बापाची मराठी आणि शाळेची इंग्रजी. त्यांतली मराठी त्याच्याजवळ किती राहील हे त्याच्या नावावर अवलंबून नाही. त्याच्याशी कोण काय बोलते यावर आहे. नाव हा दरवाजावरचा फलक असतो. आत दिवा लावणे हे वेगळे काम आहे, आणि ते रोज करावे लागते.

आजींचे ऐकून सुनेनेही मुलाला बाळ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती बाल म्हणाली आणि स्वतःच हसली. मग जीभ मागे नेण्याच्या प्रयत्नात बाड़ म्हणाली. तीही वाट फार चुकली नव्हती. ऋग्वेदात दोन स्वरांच्या मधला ड हाच ळ होऊन बसतो, आणि वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो भेटतो. ती फक्त त्या वाटेने उलटी चालत होती. आजींनी तिला चूक दाखवली नाही. त्या दुपट्याच्या घड्या करीत आपल्या चालीने बाळ, बाळ म्हणत राहिल्या, आणि ती ऐकत राहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी न्हाऊ घालून आणलेल्या मुलाकडे पाहून तिने पुन्हा हाक मारली. ते अक्षर ल नव्हते, ड़ नव्हते आणि अगदी ळही नव्हते. पाळण्यातल्या मुलाने आवाजाच्या दिशेने मान वळवली.